क्रीटचा श्रावण

मराठी माणूस परदेशी निघाला की पासपोर्टाच्या आधी चिवड्याचा डबा भरला जातो. त्यातून तो शाकाहारी असला तर डब्यांची संख्या दुप्पट होते, आणि माळकरी असला तर विचारूच नका! माझी आई माळकरी आहे. त्यामुळे 2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघी दादाकडे क्रीट बेटावर निघालो, तेव्हा सामानात कपडे थोडे आणि मेतकूट, भाजणी, दशम्याच फार, अशी अवस्था होती.

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. दादा तेथे विद्यापीठात संशोधन करतो आणि इराक्लिओ शहराबाहेरच्या एका खेड्यात भाड्याने राहतो. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आम्ही पाहिला, निळा समुद्रही पाहिला. पण त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते तेथल्या ताटाविषयी.

ग्रीक जेवण म्हणजे सळईवर भाजलेले मांस, अशीच आमची समजूत होती. दादाने पहिल्याच दिवशी दोन शब्द शिकवले. पहिला ‘खोर्तोफागोस’, म्हणजे शाकाहारी. ‘खोर्ता’ म्हणजे पालेभाज्या, विशेषतः रानातल्या. त्या खाणारा तो खोर्तोफागोस. दुसरा शब्द अधिक कामाचा : ‘निस्तीसिमो’, म्हणजे उपासाला चालणारे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास ऐकून आई थक्कच झाली. ईस्टरपूर्वी चाळीस दिवस आणि वर पवित्र सप्ताह, नाताळापूर्वी चाळीस दिवस, मेरीमातेच्या सणाआधी 1 ते 14 ऑगस्ट, शिवाय बहुतेक बुधवार-शुक्रवार! या दिवसांत मांस, मासळी, अंडी, दूध, चीज सारे वर्ज्य. अगदी कडक पाळणारे काही दिवस तेलसुद्धा सोडतात. सगळे पाळणाऱ्याचे जवळजवळ अर्धे वर्ष उपासात जाते. आज सारेच काही ते पाळत नाहीत, पण स्वयंपाकघर ते विसरलेले नाही. आम्ही पोचलो ते नेमके या ऑगस्टच्या उपासात. आणि 5 तारखेला आपला श्रावण लागला.

मात्र प्रवाशाने सावध राहावे. या उपासाला कालवे, कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात. त्यांना रक्त नसते, अशी त्यामागची जुनी समजूत. तेव्हा ‘निस्तीसिमो’ म्हटल्यावर ‘समुद्रातलेही नको’ हे जोडावेच लागते. गुलाबीसर ‘तारामोसलाता’ दिसायला निरुपद्रवी, पण ती माशाच्या अंड्यांची. द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या ‘दोल्मादाकिया’ बहुधा शाकाहारी असतात, पण कधी आत खिमा निघतो, तर कधी वरून अंडे-लिंबाचा रस्सा. विचारून घेतले की लोक आनंदाने सांगतात.

एवढे सांभाळले की मग चंगळच! तेलात शिजवलेल्या भाज्यांचा तेथे एक वर्गच आहे. ‘लादी’ म्हणजे तेल, म्हणून त्यांचे नाव ‘लादेरा’. टोमॅटोत शिजलेली भेंडी, तांदूळ भरून भाजलेले टोमॅटो नि ढोबळी मिरची, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे ‘गिगांतेस’, पिवळ्या डाळीचा घोटून केलेला ‘फावा’ (वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल). जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो घालून ‘दाकोस’ करतात. दूधही न घेणाऱ्याने तो चीज न घालता मागावा. आणि गोडाला चक्क आपला शिरा! एक वाटी तेल, दोन वाट्या रवा, तीन साखर, चार पाणी, हे तेथल्या घरोघरचे प्रमाण. तुपाऐवजी ऑलिव्हचे तेल, एवढाच फरक.

हे सारे मी खाल्ले. आई मात्र खोलीत भाजणी भिजवीत होती.

दादाच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. गाव त्यांना ‘याया’ म्हणते. ग्रीक भाषेत याया म्हणजे आजी. आईला वाटले, लोक सारखे ‘या, या’ म्हणून आपल्यालाच बोलावताहेत! एका दुपारी यायांनी खरोखरच बोलावले. अंगणात टेबलावर ताटे मांडलेली. एकात उकडलेली पालेभाजी, लिंबू पिळलेली; दुसऱ्यात टोमॅटो-कांद्यात कसलीशी कच्ची, जाडसर पाने. आई वाकून पाहत म्हणाली, “अगं, ही तर आपली घोळ! आणि हा माठ!” खरेच होते. व्लीता म्हणजे माठाच्याच जातीची भाजी, आणि ग्लिस्त्रीदा म्हणजे आपली घोळ.

यायांनी आईच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बोट दाखवून विचारले. दादाने समजावले. त्यावर त्या डोळे विस्फारून म्हणाल्या, “म्हणजे ही बारा महिने उपास करते?” आणि त्यांनी आईचा हात हातात घेतला.

आई हळूच दादाला म्हणाली, “कोणत्या भांड्यात शिजवलंय, विचार ना.” अंगणाच्या कोपऱ्यात बोकड भाजण्याची लोखंडी सळई तिने पाहिली होती.

“आई, हे मी विचारणार नाही,” दादा म्हणाला.

कोणीच बोलेना. यायांनी पावाचा तुकडा मोडून भाजीच्या तेलात बुडवला आणि आईपुढे धरला. आईने तो घेतला. क्षणभर हातात धरला, आणि खाल्ला. मग शांतपणे ताटभर जेवली.

जेवताना यायांनी आपल्या आईकडून ऐकलेले सांगितले. 1941 ते 1945 जर्मनांचा अंमल होता, तेव्हा रानातल्या खोर्ताने घरे जगवली. पुढे दादाने सांगितले की, 1948 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने या बेटाची पाहणी केली. धान्य, कडधान्य, पाला, फळे, ऑलिव्हचे तेल आणि मांस अगदी थोडे, असा येथला आहार. पुढे आन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या सात देशांच्या अभ्यासाने तो जगभर नावाजला. 2010 मध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला सांस्कृतिक वारशात स्थान दिले. पण त्या पाहणीत अनेक कुटुंबांनी आपल्याला मांस अधिक हवे असल्याचेच सांगितले होते! ज्या ताटाचे आज कौतुक होते, ते ताट श्रद्धेइतकेच गरिबीनेही वाढलेले होते. आपल्याकडची भाजी-भाकरी तरी कित्येक घरांत व्रत म्हणून कुठे असते? दुसरे परवडत नाही म्हणूनच असते. मग ‘आम्ही शाकाहारी’ हे वाक्य आपण एवढ्या ताठ मानेने कोणत्या हिशेबाने उच्चारतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. वर्गात माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण आठ वर्षे आमच्या घरी येते, जेवते. तिच्या घरी मासळी शिजते, म्हणून आईने तेथे कधी पाणीदेखील घेतलेले नाही. परत आल्यावर मी आईला विचारले, “यायांकडे जेवलीस, मग हिच्याकडे का नाही?”

आई बराच वेळ गहू निवडत राहिली. मग म्हणाली, “तिथं आपल्याला कोण ओळखत होतं?”

हे उत्तर ऐकून मला राग आला नाही. आईची दयाच आली. भांडे विटाळेल याची ती भीती नव्हतीच. आळीतल्या चार घरांचे डोळे तिला भिववीत होते. क्रीटच्या अंगणात ते डोळे नव्हते, म्हणून घोळीची भाजी निव्वळ घोळीची भाजी झाली. यायांचा उपास माणसाला टेबलाशी बोलावतो. आमचा सोवळेपणा मात्र त्याला उंबऱ्याशीच थांबवतो. भाजी तीच असते.

मी आईला एवढेच सांगितले की, श्रावणात माझ्या मैत्रिणीच्या घरीही मांस-मासळी शिजत नाही. तिची आई महिनाभर भाजी-भाकरीच करते. आई काही बोलली नाही, पण ‘नाही’ही म्हणाली नाही. श्रावण तर दर वर्षी येतो.

(तृतीय वर्ष, कला शाखा)