ग्रुपवर येतंच, म्हणालीस

प्रिय मनू,


रविवारी फोनवर तू हसत म्हणालीस, "आत्या, युनिव्हर्सिटीचा मेल कोण उघडतं? महत्त्वाचं असेल तर ग्रुपवर येतंच." दादाही हसला. मला मात्र रात्रभर डोळा लागला नाही. आपल्या अण्णांना आलेल्या नोटिशीचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. कोणीतरी सांगितलं, विशेष काही नाही, आणि पाकीट तसंच कोनाड्यात राहिलं. त्या घरातली मुलगी तू, आणि आपला कागद दुसऱ्याने वाचून सांगायची वाट बघतेस?

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर गेली. पाकीट फोडायचं, शिक्का मारायचा, तारीख, कोणाकडून, विषय, कोणाला दिलं, आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही. मुलं खिडकीशी येऊन सांगायची, मॅडम, फॉर्मची तारीख वाढली आहे. परिपत्रक वाचलंस का, विचारलं की गप्प. ऐकीव तारखेवर विसंबून वर्ष घालवलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांचे आईवडील पाहिले आहेत. ग्रुपवरचा मेसेज ऐकीवच असतो गं. टाकणाऱ्याचा विभाग वेगळा, कोर्स वेगळा, त्याला आलेलं पत्रही वेगळं. आपल्या नावाचा कागद आपण वाचायचा, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. माणूस शिकलेला आहे की नाही हे मी यावरून ठरवते, पदवीवरून नाही.

प्रवेश मिळाला तेव्हा विद्यापीठाच्या खात्याचा तो एएसयूराइट आयडी किती हौसेने चालू केला होतास! टेंपीच्या तुझ्या विद्यापीठाने 2006 सालीच मुलांचे मेल गुगलकडे द्यायला सुरुवात केली, म्हणून तिथला मेल तुझ्या घरच्या जीमेलसारखा दिसतो. तू दोन्हींना सारखंच समजतेस, आणि माझी भीती तीच आहे. तुझा व्हिसाचा आय-20 फॉर्म बघणाऱ्या कार्यालयाचं पत्र त्याच पत्त्यावर येणार. खोली बदललीस तर 10 दिवसांत कळवायचं असतं. एखादा विषय त्यांना न विचारता सोडलास आणि क्रेडिट कमी पडले, तर प्रश्न मार्कांचा राहत नाही, व्हिसाचा होतो. हे ग्रुपमधलं कोण तुझ्यासाठी लक्षात ठेवणार आहे? आणि ते मेल जुन्या जीमेलवर वळवून घेण्याचा विचार तर करूच नकोस. वळवलेलं पत्र स्पॅममध्ये पडलं तर कोणाला पत्ता लागणार नाही.

दादाला वाटतं, अडलं तर आपण फोन करू. त्याला सांग, तिथे 1974 पासून फेर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवर हक्क त्याचा. तुझी लेखी संमती नसेल तर ते लोक बापालाही सहसा काही सांगत नाहीत. इथे कोणाचे वडील आले तर मी कपाट उघडून फाइल पुढे ठेवायची. तिथे ते कपाट फक्त तुझ्या हातात आहे, आणि तू ते उघडत नाहीस.

नवा फोन घेणार आहेस ना? जुना विकण्याआधी विद्यापीठाच्या लॉगिनला मंजुरी मागणाऱ्या ड्युओ ॲपमध्ये नवा जोड, आणि तो चालतो की नाही ते एकदा लॉगिन करून बघ. मंजुरी फोनवर येते, त्यामुळे फोन हातचा गेला की पासवर्ड पाठ असूनही खातं उघडत नाही. तू लॉगिन करत नसताना मंजुरी मागितली गेली तर नाकारायची आणि लगेच पासवर्ड बदलायचा.

नोकरीच्या मेलचं तर मी तुला शंभरदा सांगेन. घरबसल्या प्राध्यापकांचं काम, आठवड्याला इतके डॉलर, असं येतं. नाव ओळखीच्या विभागाचं दिसतं. त्या नावावर बोट ठेवून मागचा पत्ता उघडलास तर भलताच निघतो. मग चेक पाठवतात, तो खात्यात भरायला लावतात आणि त्यातले थोडे पैसे पुढे पाठवायला सांगतात. काही दिवसांनी चेक खोटा ठरतो आणि गेलेले पैसे तुझे असतात. शिवाय तुमच्या व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कॅम्पसवरसुद्धा सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच. तू पैशांची चणचण आम्हाला सांगत नाहीस, म्हणून मला या मेलची जास्त धास्ती वाटते. लागले तर माग गं, वहिनीला कळू देणार नाही.

आणखी एक. पासपोर्टवर तुझ्या नावापुढे दादाचं नाव आहे, म्हणून मेलवरही ते जोडूनच दिसतं आणि सगळे तुला दोन्ही नावांनी हाका मारतात, असं सांगत होतीस. तिथे पसंतीचं नाव नोंदवायची सोय आहे. नोंदव. पत्राखाली पूर्ण नाव आणि विद्यार्थी क्रमांक लिहीत जा, म्हणजे ऑफिसातल्या बाईला शोधत बसावं लागत नाही. तिचे हाल मला कळतात.

तुझ्याकडे सकाळचे 8 वाजतात तेव्हा आमच्याकडे रात्रीचे साडेआठ होतात, तुझा फोन तेव्हाच येतो. उद्यापासून आधी मेल वाच, मग फोन कर. जेवतेस ना नीट? हे पत्र व्हॉट्सॲपवर टाकलेलं नाही, तुझ्या विद्यापीठाच्या पत्त्यावर पाठवते आहे. उत्तर तिथूनच लिही. नुसतं "वाचलं" म्हणून फोनवर सांगितलंस तर ते मी धरणार नाही.

तुझी,
आत्या