डिकीतली कत्ती : अवजार की हत्यार?

खंडेनवमीला आपल्या भागातल्या कुठल्याही घरात डोकावून पाहावे. पाटावर विळी, कोयता, खुरपे, सुताराची पटाशी, शिंप्याची कात्री असे सगळे हळदकुंकू लावून मांडलेले असते आणि बाहेर अंगणात झेंडूची माळ घातलेली गाडी उभी असते. मराठीत याला शस्त्रपूजा म्हणायचे, कन्नडात आयुध पूजा. सुतार आपल्या सामानाला ‘हत्यारे’ म्हणतो आणि पोलिसांच्या पंचनाम्यातही ‘हत्यार’ हाच शब्द येतो. कन्नडातल्या ‘कत्ती’चेही तसेच. कत्ती म्हणजे तलवार आणि कारवारच्या बाजूला झावळ्या तोडायची तीही कत्तीच.

घरात या दुहेरी अर्थाने काही बिघडत नाही. पण तीच कत्ती गाडीच्या डिकीत गेली आणि गाडी गोव्याच्या वाटेला लागली, की अवजार की हत्यार याचा निकाल कुणीतरी तिसराच लावतो. डिसेंबर उजाडला, मुलांना सुट्टी लागली, की बेळगावातून कितीतरी कुटुंबे गोव्याकडे नाहीतर कोकणाकडे निघतात. सोबत काकांचे गळ, दोरी, मासे साफ करायचा लांब पात्याचा चाकू, शहाळी फोडायला कोयता. नाक्यावर गाडी थांबली, की सगळ्यांना बाटल्यांची आठवण होते. चाकूची आठवण कुणालाच होत नाही.

आधी मूळ कायदा पाहू. शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याच्या व्याख्येत धारदार शस्त्रे येतात, पण केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. त्याखालच्या नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला यांच्या सोबतीने ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. तिथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाच्या वस्तूंना सूट आहे. म्हणजे आपला कोयता २ इंचांपेक्षा रुंद असला तरी तो शेतीचे अवजार. विळीचे, म्हणजे कन्नडातल्या ईळगीचे, पाते केवढेही असो, ती स्वयंपाकघरातली वस्तू. उलट दोन्ही बाजूंनी धार असलेला, मुठीला आडवी पट्टी असलेला आणि ‘शिकारी चाकू’ म्हणून हौसेने मागवलेला सुरा लांबीने लहान असला, तरी तो कांदा चिरायला आणला आहे हे कुणाला पटणार नाही. मापापेक्षा वस्तू कशासाठी घडवली आहे, हा प्रश्न आधी येतो.

दुसरी गोष्ट जागेची. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सरकार एखाद्या भागापुरती अधिसूचना काढून ठरावीक धारदार शस्त्रांना तिथे परवाना सक्तीचा करू शकते. दिल्लीत १९८० साली अशा अधिसूचनेने खटक्याचा चाकू बंधनात आला आणि तिथे मर्यादा धरली ती पात्याच्या ७.६२ सेंटिमीटर लांबीची. म्हणून एका गावी खिशात चालला तो चाकू दुसऱ्या गावीही चालेल, असे गृहीत धरू नये.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर येऊ. बेळगावहून गोव्याला जायच्या नेहमीच्या वाटा तीन. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट. खानापूर, लोंढा, रामनगरवरून अनमोड घाट. आणि चंदगड तालुक्यातून आंबोली उतरून सावंतवाडी. तिन्ही वाटा सुंदर आणि तिन्हींवर कायद्याचा रंग वेगळा.

चोर्ल्याची वाट आपल्या सगळ्यांची लाडकी. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. ती पूर्वेला वळून कृष्णेला मिळते आणि याच खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई पश्चिमेला समुद्राकडे धावते. डावीकडच्या डोंगरात भीमगड अभयारण्य आहे, बारापेडे गुहांमधल्या दुर्मीळ वटवाघळांसाठी प्रसिद्ध. घाट उतरताना गोव्याच्या बाजूला म्हादई अभयारण्य लागते. १९९९ साली जाहीर झालेले हे अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचे आहे. घाटाच्या पायथ्याशी केरीजवळ अंजुणे धरणाचे पाणी दिसले, की गळ टाकणाऱ्या माणसाचा हात शिवशिवतो. आणि इथेच कायदा बदलतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात बंदूक, स्फोटके, विष, सापळे यांच्या रांगेत चाकू आहे, जाळे आहे आणि मासे धरायचा गळसुद्धा आहे. मराठीतला गळ आणि कन्नडातला गाळ, दोन्ही अभयारण्याच्या हद्दीत शस्त्र! कलम ३१ सांगते, की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून कुणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरू नये. शस्त्र कायद्यातली घरगुती वस्तूंची सूट या व्याख्येत लिहिलेली नाही. सार्वजनिक हमरस्त्याने सरळ पार होणाऱ्याला प्रवेशाचा परवाना लागत नाही हे खरे, पण ती मोकळीक कलम २७ मधली आहे. शस्त्राच्या कलमात रस्त्याचा उल्लेख नाही. तेव्हा स्वयंपाकाचा चाकू सामानात बांधून घाट उतरणे वेगळे आणि गाडी बाजूला लावून चाकू व गळ घेऊन ओढ्याकडे उतरणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला सहल म्हणून कुणी सोडून देणार नाही.

अनमोडची वाट तर मोलेजवळ सरळ भगवान महावीर अभयारण्यातूनच जाते. २४० चौरस किलोमीटरचे हे रान, त्यातच मोले राष्ट्रीय उद्यान. राष्ट्रीय उद्यानालाही शस्त्राचा हाच नियम लागू आहे. जरा दक्षिणेला दांडेली. तिथले जंगल २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखले जाते.

आपल्या भागातल्या जुन्या घरांतून आजोबा-पणजोबांचे शिकारी सुरे अजून कपाटात सापडतात. त्या काळी शिकारीला परवाने मिळत. आज कायद्याने रक्षण दिलेल्या प्राण्याची हौसेखातर शिकार करणे हा सरळ गुन्हा आहे आणि अभयारण्यात शिकार केल्यास ३ ते ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन सरकारजमा होण्याची सोयही याच कायद्यात, कलम ३९ मध्ये आहे. रात्रीच्या वेळी जंगलाच्या कडेला उभी असलेली गाडी, आत बॅटरी आणि शिकारी सुरा, एवढ्यावर वनरक्षकाने संशय घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. आजोबांचा सुरा ही घराण्याची आठवण आहे. ती भिंतीवर शोभते, डिकीत नाही.

तिसरी वाट आंबोलीची. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र. तिथे १९५१ चा महाराष्ट्र पोलीस कायदा आहे. त्याच्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी ठरावीक दिवसांसाठी शस्त्रबंदीचा आदेश निघतो. त्या आदेशात तलवारी-भाल्यांबरोबर सुरे येतात, काठ्यासुद्धा येतात. कर्नाटकाच्या १९६३ च्या पोलीस कायद्यातही अशीच तरतूद आहे. शिवाय जमावबंदीचे आदेश, जे पूर्वी कलम १४४ म्हणून सर्वांच्या तोंडी होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. बेळगावात अधिवेशन असो की राज्योत्सव, कोगनोळीच्या नाक्यापासून गाड्यांची तपासणी कशी कडक होते हे आपल्याला नवे नाही. निघण्याआधी दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांत असा आदेश आहे का, हे वर्तमानपत्रात पाहावे किंवा पोलीस ठाण्याला फोन करून विचारावे. दोन मिनिटांचे काम आहे.

नाक्यावरचे संभाषण दोन्ही भाषांत सारखेच असते. ‘‘एल्लिगे होंटीरी? डिक्की तेगीरी.’’ मग चाकूकडे बोट दाखवून, ‘‘इदु याकरी?’’ पुढे घाट उतरला की हेच मराठीत, कोकणीत. कुठे चाललात, हे कशासाठी, हे दोनच प्रश्न. त्यांचे उत्तर तोंडाआधी सामानाने द्यावे. मासे साफ करायचा चाकू मासेमारीच्या पेटीतच, गळ-दोरीशेजारी ठेवावा. स्वयंपाकाचा चाकू भांड्यांच्या टोपलीत. पाते म्यानात नाहीतर जाड कापडात गुंडाळून वर दोरी आवळलेली असावी. सगळे डिकीत, हाताला सहज लागणार नाही असे. सीटखाली, दाराच्या खणात, कमरेला मुळीच नाही. सीटखालचा सुरा पाहून ‘मासे धरायला चाललोय’ हे उत्तर कुणालाही कच्चे वाटणार. विचारल्यावर लपवू नये, मात्र स्वतः हात घालून बाहेर काढूही नये. कुठे आहे ते सांगावे. घराण्यातली तलवार किंवा कट्यार लग्नाला, मिरवणुकीला न्यायची असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी विचारून, तो कागद सोबत ठेवावा.

कायदा बाजूला ठेवला तरी घाटातली वळणे आहेतच. करकचून ब्रेक लागला की मोकळा चाकू मागच्या सीटवरच्या नातवंडांपर्यंत यायला वेळ लागत नाही. म्यानाची गरज पोलिसांपेक्षा आधी आपल्या पोरांसाठी आहे.

आणि एक सोपा उपाय आपल्या आया-आत्यांना केव्हाचा ठाऊक आहे. गोव्याच्या कुठल्याही मासळी बाजारात मासे घेतले, की तिथेच ते साफ करून, कापून मिळतात. पलीकडे शहाळेवाला स्वतःच्या कोयत्याने शहाळे सोलून देतो. गळ टाकायचाच असेल तर अभयारण्याबाहेरच्या खाडीवर, तिथल्या माणसांना विचारून टाकावा. मग डिकीत उरते काय? भाकरीची दुरडी, चटणी, पाण्याचे कॅन आणि आंबे-पेरू कापायला एक छोटी सुरी. तेवढ्यावर बेळगावचा माणूस गोव्याला जाऊन सुखरूप परत येतो.