भुताला ऐकू जातंय, गप बसा!

2024 ची धनत्रयोदशी 29 ऑक्टोबरला आली होती. नगरच्या कापड बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सावेडीतल्या पोरांचं एक टोळकं मात्र सोन्या-चांदीऐवजी भुताच्या मागे लागलं होतं. त्याच दिवशी 'फॅस्मोफोबिया' हा गेम प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांवर उतरला. संगणकावर तो 18 सप्टेंबर 2020 पासूनच होता. ब्रिटनमधल्या 'कायनेटिक गेम्स' या छोट्या कंपनीचा हा गेम. कन्सोलवर तो 2023 च्या ऑगस्टमध्येच यायचा होता. पण कंपनीच्या कार्यालयाच्या इमारतीत आग लागली, तारीख सरकली आणि मग सरकतच राहिली. इकडे जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी गेम आला नव्हता.

शेवटी आला तो ऐन दिवाळीच्या सुट्टीत. पुण्यात शिकणारी सगळी पोरं घरी आलेली, दुपारी फराळ आणि संध्याकाळी मोकळी. माझा भाचा मला पाइपलाइन रोडवरच्या एका गेम झोनमध्ये घेऊन गेला. "मामा, तुम्ही धारपांची पुस्तकं रात्री वाचायचा ना? मग हे बघाच." नारायण धारपांचा वाचक म्हणजे भुतांमधला जाणकार, असा त्याचा समज आहे. मी तो मोडला नाही.

झोन म्हणजे दोन गाळे जोडून केलेली खोली. भिंतीला टीव्ही, समोर फाटलेले सोफे, प्रत्येक सोफ्यावर दोन कंट्रोलर. तासावर पैसे. एरवी इथे फुटबॉल, कुस्ती आणि टेकनचा धुरळा असतो, म्हणजे दोघांनी एकमेकांना हरवायचे खेळ. त्या आठवड्यात एका कोपऱ्यातल्या टीव्हीवर अंधार होता आणि त्या अंधारासमोर आठ-दहा जण दाटीवाटीनं बसले होते.

गेमचं सूत्र साधं आहे. चार जणांपर्यंतची टोळी एका व्हॅनमधून झपाटलेल्या घरात जाते. भुताला मारायचं नसतं, ते कोणत्या जातीचं आहे हे ओळखून निघून यायचं असतं. त्यासाठी पुरावे सात प्रकारचे: अतिनील दिव्याखाली दिसणारे बोटांचे ठसे, शून्याखाली गेलेलं तापमान, वहीत उमटलेलं लिखाण, विद्युतचुंबकीय मापकाचा पाचवा दिवा, वगैरे. प्रत्येक जातीचे तीन ठरलेले. कन्सोलवर गेम आला तेव्हा भुतांच्या जाती होत्या 24. अंधारात जास्त वेळ राहिलं की खेळाडूची मनःशांती घसरते, ती खूप घसरली की भूत शिकारीला निघतं, पुढचं दार बंद होतं आणि मग कपाटात लपून राहायचं.

आणि गप्प राहायचं. शिकारीच्या वेळी भूत जवळचा आवाज ऐकतं, म्हणजे खेळाडूचा खराखुरा, माइकमधून गेलेला आवाज.

सगळी गंमत इथेच झाली. प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरमध्येच माइक असतो. संगणकावर खेळणारा कानाला हेडफोन लावून स्वतःच्या खोलीत एकटा बसलेला असतो, त्यानं तोंड मिटलं की संपलं. झोनमध्ये कंट्रोलर एकाच्या हातात आणि बाकी सगळे त्याच्या मानेवर. "डावीकडं, डावीकडं!" "अय, कपाट उघड ना!" पलीकडच्या सोफ्यावर कुणीतरी गोल मारल्याची आरोळी, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरवरची गाणी. ते सगळं त्या बिचाऱ्या माइकमध्ये. कपाटात लपलेला गडी शोधून शोधून मारला जायचा, आणि मग पुढचा अर्धा तास कुणाच्या आवाजानं मेला यावर भांडण. शेवटी झोनच्या मालकानं टीव्हीखाली खडूनं लिहिलं: 'भुताला ऐकू जातं. गप बसा.' त्याचं म्हणणं, हा गेम धंद्याला चांगला आहे, कारण एकाच्या तासाच्या पैशात दहा जण बसतात पण थंड पेय दहाही जण घेतात.

मी पोरांना एकेक करून विचारत गेलो, कन्सोलवर कसा वाटतो? उत्तरं इतकी फाटलेली आली की आधी वाटलं, ही दोन वेगळ्या खेळांबद्दल बोलत आहेत.

सर्वांत कडक मत एका मुलीचं. ती पुण्यात अभियांत्रिकी शिकते आणि दोन वर्षं हा गेम हॉस्टेलवर लॅपटॉपवर खेळलेली. "कन्सोलवर हात बांधल्यासारखं होतं, काका. माउसनं मी मिठाचा ढीग पाहिजे तिथं टाकते. इथं काडी फिरवत बसा." तिची तक्रार एकटीची नाही. मुळात कळफलक आणि माउस समोर धरून रचलेला खेळ मोजक्या बटणांच्या कंट्रोलरवर बसवताना काहीतरी अवघडणारच. एका वेळी जवळ तीनच वस्तू ठेवता येतात, त्या एकामागून एक फिरवून हवी ती हातात यावी लागते, आणि नेमकं धावायच्या वेळी टॉर्चऐवजी कॅमेरा हाती येतो. नोंदवहीत पुरावे टिपायलाही कंट्रोलरवर वेळ जातो. शिवाय व्हॅनमधल्या पडद्यांवरचा बारीक मजकूर लॅपटॉपवर वीतभर अंतरावरून वाचतात, सोफ्यावरून तो डोळे बारीक करून वाचावा लागतो. चष्मा लागलेल्या मामाला तर विचारूच नका.

पण तिचा मुख्य आक्षेप बटणांवर नव्हता. "इथं भीतीच वाटत नाही," ती म्हणाली. तिला हेडफोनमध्ये मागून येणारी पावलं हवी असतात. तो खेळ निम्मा आवाजाचा आहे: दार वरच्या मजल्यावर करकरलं की खालच्या, श्वास डाव्या कानात की उजव्या, यावरून जीव वाचतो. टीव्हीच्या भोंग्यातून ते सगळं एकाच ठिकाणाहून येतं आणि पंख्याच्या घरघरीत बुडतं.

तिच्या शेजारचा पोरगा राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा. त्याच्याकडे गेमिंगचा लॅपटॉप नाही, घरी कन्सोलही नाही. त्याची भुतांशी ओळख मोबाइलवरच्या 'ग्रॅनी'पासूनची. 2017 मध्ये आलेली ती म्हातारी महाराष्ट्रातल्या किती शाळकरी पोरांच्या झोपेत शिरली असेल कोण जाणे. त्याला कन्सोलवरचा 'फॅस्मोफोबिया' प्रचंड आवडला. "लय भारी. एकटा मी कधीच नसतो खेळलो. सगळे असले की भ्यायला पण मजा येते."

ही दोन मतं ऐकल्यावर मला माझ्यापुरता उलगडा झाला. दोघं एकाच खेळाला गुण देत नव्हती, आपापल्या खोलीला देत होती. धारप मी रात्री एकट्यानं वाचायचो आणि पाणी प्यायला उठायची हिंमत व्हायची नाही. पण आजोळी अंगणात बसून मामाच्या तोंडून ऐकलेल्या खविसाच्या गोष्टीत आम्ही भ्यायचो कमी आणि खिदळायचो जास्त. संगणकावरचा खेळ पहिल्या जातीचा, झोनमधला दुसऱ्या. लोक कन्सोलच्या आवृत्तीबद्दल भांडतात तेव्हा चित्राचा दर्जा आणि बटणं यांवर बोलतात. खेळताना शेजारी कोण होतं हे फारसं कुणी सांगत नाही, आणि मत घडतं ते तिथे.

मोठी अडचण मात्र खरीच आहे, आणि तिला खोलीचं कारण पुरत नाही. या खेळात पडदा विभागून एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय नाही. चार जणांना खेळायचं तर चार यंत्रं, चार प्रती, आणि प्लेस्टेशनवर असाल तर इंटरनेटवरून एकत्र खेळण्यासाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणी. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला तोच 49,990 रुपयांना. तेवढ्याच्या चारपट रक्कम चार मित्रांच्या घरांतून निघेल तेव्हा निघेल. म्हणून नगरमध्ये एक खेळतो आणि नऊ जण सल्ले देतात. सोनीचा व्हीआर 2 चष्मा घालूनही हा गेम खेळता येतो म्हणे, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मालक नुसताच हसला.

त्यातल्या त्यात क्रॉसप्लेबद्दल सगळे एका सुरात चांगलं बोलले. संगणकावरचा आणि कन्सोलवरचा खेळाडू एकाच घरात, एकाच भुतापुढे उभे राहू शकतात. माझ्या भाच्याकडे आता कन्सोल आहे, त्याची बहीण पुण्यात लॅपटॉपवर खेळते. दिवाळीनंतर ती परत गेली, तरी शनिवारी रात्री दोघं एका व्हॅनमध्ये असतात. "ताई, तू वर जा, मी व्हॅनमध्ये थांबतो," हे वाक्य आमच्या घरात दर शनिवारी रात्री ऐकू यायला लागलं. मात्र लॅपटॉपवर मिळवलेली पातळी आणि सामान कन्सोलवर आणता येत नाही. दुसऱ्या यंत्रावर गेलात की नवखे.

झोनमधला सर्वांत मोठा हशा मात्र खेळाबाहेर पिकला. शिकार ऐन रंगात, कंट्रोलर शिंगणापूरजवळच्या एका गावच्या पोराच्या हातात. मागून सगळे ओरडत होते, "खोलीत शिर, दार लाव!" तो म्हणाला, "आमच्याकडं दार लावायची सवय असती तर लावलं असतं राव!" नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात हे नगर जिल्ह्यात सांगावं लागत नाही. 2011 मध्ये तिथे युको बँकेनं शाखा काढली तीही कुलपाविना. त्याचं वाक्य पुरं होतंय तोच लाइट गेली. अख्ख्या पाइपलाइन रोडची. काळोखात मागून एक शांत आवाज आला: "म्हणजे जिन नाही." हसून हसून पोरं सोफ्यावरून खाली आली. मला भाच्यानं नंतर समजावलं. खेळातली भुतं घरातला मुख्य खटका पाडून अंधार करतात, पण जिन ते करू शकत नाही, त्याला तशी मनाई आहे.

या खेळातली भुतं जगभरातून गोळा केलेली आहेत. मलयी हंतू आहे, जपानी ओनी, युरेई आणि योकाई आहेत, आयरिश बॅन्शी आहे, जिन आहे. भारतातलं मात्र तेव्हा एकही नव्हतं. पोरांनी यादी करायला घेतली: मुंजा, खवीस, हडळ, वेताळ, चकवा, ब्रह्मसमंध. नुसती नावं नव्हेत, नियमासकट. चकवा असेल तर व्हॅनकडे जाणारी वाट तुम्हाला पुन्हा त्याच खोलीत आणेल. मुंजाच्या घरात अंगणात पिंपळ हवाच. हंतूवर मात्र सगळे खूश. तो थंडीत वेगानं पळतो, तर नगरच्या एप्रिलमध्ये त्याचं काय होईल यावर बरीच चर्चा झाली. आणखी एक ठसठशीत मत: भुताशी बोलायच्या पेटीला मराठी कळत नाही. "कुठं आहेस रे?" असं कितीही प्रेमानं विचारा, पेटी ढिम्म. "व्हेअर आर यू?" म्हटलं की कधी तरी उत्तर येतं. बोलायचं नसेल तर तयार प्रश्नांतून एखादा निवडताही येतो, पण मग झोनमधली मजाच गेली.

इथे पुण्याची आठवण निघणं साहजिक होतं. 2020 च्या डिसेंबरमध्ये 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठी जी नामांकनं होती, त्यांत 'फॅस्मोफोबिया'बरोबर पुण्याच्या 'नोडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी'ही होता. पुरस्कार भुतांनी नेला. 'राजी'चा प्रवास उलटा: तो 18 ऑगस्ट 2020 ला आधी निंटेंडो स्विच या कन्सोलवरच आला, संगणकावर आणि बाकी कन्सोलवर दोन महिन्यांनी. पैसे जमवायची लोकवर्गणीची मोहीम फसली होती, संस्थापकांपैकी एकानं राहतं घर विकलं होतं. चित्रं, संगीत, राजस्थानी धाटणीचे महाल यांचं खेळाडूंनी तोंडभरून कौतुक केलं, आणि लढाईतला सैलपणा, हलवता न येणारा कॅमेरा आणि लवकर संपणं यांवर बोटही ठेवलं. पुढे 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. झोनमधल्या पोरांना 'राजी' ठाऊक होता, खेळला होता दोघांनीच.

तर माझं मत. घरी कन्सोल आहे, हेडफोन आहे, आणि दूर राहणारा एखादा भाऊ-बहीण किंवा मित्र संगणकावर हा गेम खेळतो आहे, तर कन्सोलची आवृत्ती जरूर घ्या. बटणांची सवय थोड्या रात्रींत होते. लॅपटॉपवर आधीच खेळत असाल तर दुसऱ्यांदा पैसे घालवू नका. दहा जणांनी मिळून झोनमध्ये खेळायचा असेल तर खेळा, पण आधी सेटिंगमध्ये जाऊन भुताशी बोलण्याचा पर्याय मजकुराचा करा आणि कंट्रोलरवरचं माइक बंद करायचं बटण दाबा. आणि पुण्यात गेम बनवणाऱ्या मंडळींना एक विनंती: एका टीव्हीवर चार कंट्रोलर चालतील, पडदा चार जागी विभागला जाईल आणि पेटीला मराठी कळेल असा भुताचा खेळ कन्सोलसाठी काढा. नगरहून तुम्ही सव्वाशे किलोमीटरच्या आत आहात, आणि मुंजाची नियमावली इथली पोरं फुकट लिहून देतील.