फळ्यावरील पाहुणा

पहिलीच्या वर्गात जूनपासून एक मुलगा अबोल बसत असे. तो मुका नव्हता. पाटीवर अक्षरे काढी, हजेरीला हात वर करी. परंतु चार महिने उलटले तरी त्याच्या मुखातून एकही शब्द बाहेर पडला नव्हता. गुरुजींनी गोडीगुलाबीने विचारून पाहिले, एकदा दरडावूनही पाहिले. दोहोंचा परिणाम एकच झाला : मुलाची मान अधिकच खाली गेली.

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजी नागपुरास गेले. तेथे एका बंगाली स्नेह्याच्या घरी सुकुमार राय यांचे ‘आबोल ताबोल’ हे पुस्तक त्यांच्या हाती पडले. लहान मुलांसाठी लिहिलेल्या विनोदी कवितांचे हे पुस्तक. त्यातील चित्रेही कवीनेच काढलेली. गुरुजींना बंगाली लिपी वाचता येईना, तरी नुसती चित्रे पाहूनच त्यांना हसू आवरेना! मग स्नेह्याने एकेक कविता अर्थासह म्हणून दाखविली. एका चित्रात बदक आणि साळिंदर मिळून एकच प्राणी झाला होता, आणि कवीने दोघांच्या बंगाली नावांचेही तसेच कडबोळे करून ‘हांसजारू’ हा नवाच शब्द घडविला होता. चित्र झाकले तर शब्दाची गंमत निम्मी होई, आणि शब्द झाकला तर चित्र नुसतेच विचित्र दिसे.

हे इतके नेमके साधले, याला कारण होते. सुकुमार १९११ मध्ये मुद्रणकला शिकण्यासाठी इंग्लंडला गेले होते. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर यांचा कलकत्त्यास छापखाना होता आणि १९१३ मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक सुरू केले होते. वडिलांच्या पश्चात ते सुकुमारांनी चालविले. पुढे काळ्या आजाराने त्यांना अंथरुणास खिळविले. त्या दुखण्यातच त्यांनी या पुस्तकाची जुळणी केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते वारले. वय अवघे पस्तीस. घरात दोन वर्षांचा सत्यजित. पुस्तक त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रसिद्ध झाले.

हे ऐकल्यावर गुरुजींनी ते पुन्हा पहिल्या पानापासून चाळले. शेवटच्या कवितेतील निरोपाची पुसट छटा सोडली, तर दुखण्याचा मागमूस कोठेही नव्हता.

सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी गुरुजींनी तो प्राणी खडूने फळ्यावर काढला. हात चित्रकाराचा नव्हे. बदकाची मान बगळ्यासारखी झाली. त्यामुळे वर्ग आणखीच हसला. इथवर सर्व ठीक होते. परंतु मास्तरकीची सवय वाईट! “आता सांगा, यावरून आपण काय शिकलो?” असे गुरुजी विचारून बसले. हसू जागच्या जागी विरले. तीस मुले हाताची घडी घालून ताठ बसली. एकाने भीत भीत ‘खरे बोलावे’ असे उत्तर दिले.

त्या रात्री गुरुजींना बराच वेळ झोप आली नाही. ज्या माणसाने मरणाच्या दारात बसून मुलांना हसविले, त्याच्या चित्राखाली आपण तात्पर्य मागितले, ही गोष्ट त्यांच्या मनास लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काही विचारले नाही. फळ्यावर मोर काढला, त्याला रेड्याचे धड जोडले आणि खाली ‘मोरेडा’ असे लिहून खडू टेबलावर ठेवला. मुले क्षणभर गप्प राहिली. मग एकच झुंबड उडाली. कोणी उंदराला रेडा जोडून ‘उंदीरेडा’ केला, कोणी शेळीला चाके लावली. गलका इतका वाढला की शेजारच्या वर्गावरील बाई दाराशी येऊन पाहून गेल्या.

त्या गर्दीतून तो अबोल मुलगा केव्हा उठला, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, जेथवर त्याचा हात पोहोचत होता तेथे, त्याने एक कासव काढले. परंतु पाय वर, डोके खाली, आणि दोन्ही बाजूंस पंख. गुरुजी जवळ येऊन वाकले. मुलाने त्यांच्याकडे न पाहताच सांगितले,

“कासवटवाघूळ.”

गुरुजींनी काहीच म्हटले नाही. मुलगा चित्राकडे पाहत थोडा वेळ थांबला आणि मग काळजीच्या सुरात म्हणाला, “गुरुजी, हे झाडाला उलटं लटकलं, तर याच्या पाठीवरचं घर खाली पडेल का हो?”

सारा वर्ग त्या प्रश्नावर तुटून पडला. पडेल म्हणणारे एका बाजूस, पडणार नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूस. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कोणी दप्तर उचलीना.