पात्रासाठी सोडलेली जागा

अ‍ॅनिमेशन शिकायला येणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलामुलींना पात्रं काढायची असतात. पार्श्वभूमी, म्हणजे बॅकग्राउंड, त्यांच्या लेखी उरलेली जागा असते आणि ती भरून टाकायची असते. भरतातही ती जीव ओतून: प्रत्येक कौल, प्रत्येक पान, भिंतीतली एकूण एक वीट. या मेहनतीचं कौतुक व्हायलाच हवं. तरीही माझं मत ठाम आहे की, या वयात बॅकग्राउंडचं शिक्षण काय सोडायचं इथून सुरू व्हावं. बॅकग्राउंड हे पूर्ण चित्र नसतंच. तिथे कुणीतरी येणार आहे, चालणार आहे, थांबणार आहे, आणि ते येईपर्यंत चित्र अपुरं वाटलं पाहिजे. कॅलेंडरवरच्या निसर्गदृश्यात कुणाचीच उणीव भासत नाही. म्हणून त्यात पात्र उभं केलं की ते उपरं दिसतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे डिस्नेचा ‘बाम्बी’. ‘स्नो व्हाइट’ १९३७ मध्ये आला, त्यातलं जंगल पानापानांनिशी रंगवलेलं होतं, आणि त्याच पद्धतीने ‘बाम्बी’चं काम सुरू झालं. पण स्नो व्हाइटचा निळा-पिवळा पोशाख त्या दाटीतही उठून दिसतो. हरणाच्या पाडसाचा रंग जंगलाचाच असतो. पाडस हरवू लागलं. स्टुडिओत १९३८ पासून टायरस वाँग नावाचा तरुण इनबिटवीनर होता. दोन मुख्य रेखाटनांच्या मधली रेखाटनं करत बसायचं, असं ते डोळे शिणवणारं काम. लहानपणी चीनमधून अमेरिकेत आलेल्या वाँगवर सुंग राजवटीतल्या निसर्गचित्रांचा गाढ प्रभाव होता. त्याने जंगलाची छोटी छोटी चित्रं करून दाखवली: मध्ये उजेडाचा एक तुकडा, कडेला धूसर खोडं, आणि पानांच्या जागी ओलसर हवा. १९४२ साली पडद्यावर आलेल्या चित्रपटाचं रूप त्या चित्रांनी ठरवलं. मुलांना ही चित्रं दाखवावीत आणि पानं मोजायला सांगावीत. मोजण्याजोगी पानंच सापडत नाहीत, तरी जंगल दाट वाटतं. हे स्वतः पडताळून पाहिलेलं मूल पुढच्या चित्रात हात आखडता घ्यायला शिकतं.

वर्गात हे शिकवायला महागडं काही लागत नाही. पोस्टकार्डाच्या पाव आकाराची चौकट आणि तीनच छटा: काळी, राखाडी आणि कागदाचा पांढरा. विषय घ्यावा गिरगावातल्या चाळीची गॅलरी. आधी डोळ्यांची पातळी ठरवायची: आपण गॅलरीत उभे आहोत की खाली चौकातून मान वर करून पाहतो आहोत? एवढ्या एका निर्णयावर सगळ्या तिरप्या रेषा ठरतात. मग राखाडी कागदाची माणसाएवढी आकृती कापायची आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्यायची. राखाडी भिंतीसमोर आली की ती विरघळते. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीसमोर आली की लख्ख उठते. मूल आपण होऊन दोरी हलवतं, भिंत उजळ करतं, संवाद जिथे होणार त्या दाराजवळची कुंडी पुसून टाकतं. कठडा वेगळ्या कागदावर काढून वर ठेवला की पात्र त्याच्या मागून जातं आणि खोली तयार होते. ‘द ओल्ड मिल’ (१९३७) मध्ये मल्टिप्लेन कॅमेऱ्याने एकाखाली एक ठेवलेल्या काचांवरची चित्रं टिपून हेच साधलं. आजच्या सॉफ्टवेअरमधले लेयर हे त्याच तत्त्वावर चालतात.

यावर पहिला आक्षेप मुलांचाच असतो, आणि तो रास्त आहे. त्यांना आवडतात त्या जपानी चित्रपटांत तपशील ठासून भरलेला असतो, मग आम्हीच का सोडायचा? ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) नीट पाहावा. काझुओ ओगा यांच्या कलादिग्दर्शनात तिथलं रानगवतही निरखून रंगवलेलं आहे, पण मुली धावतात ती वाट आणि ते अंगण मोकळं आहे. सोडायलाही आधी माहिती असावी लागते. दहा गोष्टी ठाऊक असून सात वगळणं वेगळं आणि मुळात तीनच ठाऊक असणं वेगळं. चित्र हा फरक लपवत नाही. आपल्याकडची मुलं कोकणातली जांभ्याची पाखाडी आणि देशावरची काळी ढेकळं एकाच तपकिरी रंगाने रंगवतात, ते बाहेर बसून रेखाटनं केलेली नसतात म्हणून. तेव्हा निरीक्षण भरपूर हवंच. फक्त त्यातलं किती कागदावर उतरवायचं हे पात्र ठरवेल.

दुसरा आक्षेप कलाशिक्षकांचा: एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत कागद भरण्याची सवय लागलेली असते, ती मोडायची कशी? मोडायची गरज नाही. स्मरणचित्राचा सराव इथे फार उपयोगी पडतो. बाजाराचं चित्र पूर्ण झालं की एकच प्रश्न विचारावा: आता एक नवा माणूस आला, तर तो कुठून येईल आणि कुठे उभा राहील? तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं काही सेकंदांत बॅकग्राउंड तयार करून देतात, मग हे शिकायचं कशाला? नुसत्या रंगकामाच्या नोकऱ्यांना त्यांचा धक्का बसू शकतो, हे मुलांपासून लपवू नये. पण ही साधनं देतात ते चित्र बहुधा काठोकाठ भरलेलं असतं. या प्रसंगात पात्र कुठे थांबणार, कुठल्या वस्तूला हात लावणार, प्रेक्षकाची नजर आधी कुठे जायला हवी, हे ज्याला कळतं तोच त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते सांगू शकेल.

म्हणून कलाशिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे: मुलांना सॉफ्टवेअरच्या क्लासला घालण्याआधी एक वही आणि एक मऊ पेन्सिल देऊन एसटी स्टँडवर, नदीच्या घाटावर, आपल्याच इमारतीच्या जिन्यात बसू द्या. सॉफ्टवेअर ती नंतर भराभर शिकतील.