उपद्रवांची नोंद

वांद्र्याच्या पश्चिमेस, चिंबईच्या कोळीवाड्यापासून पालीच्या टेकडीपर्यंत जी जुनी वस्ती अद्याप तग धरून आहे, तिच्यातील वृद्ध माणसे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा तारीख ठरविण्यापूर्वी बहुधा एकच अट घालतात, ती ही की पावसाळा सरू द्यावा. "डॉक्टर, गणपती जाऊ द्या, मोत माउलीची जत्रा होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल त्या दिवशी येते," असे एखादी मावशी म्हणते आणि तिची सून मागे उभी राहून, आता तुम्हीच समजवा अशा मुद्रेने, माझ्याकडे पाहते. विद्यार्थिदशेत, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारात हे शास्त्र शिकत असता, असल्या अटी जुन्या पिढीची भाबडी समजूत म्हणून बाजूस सारण्याचा आमच्यात शिरस्ता होता. आज मी ती अट केसपेपरावर लिहून घेतो, कारण तिच्यामागे एका पिढीची जबानी आहे. या मावशींच्या वडिलांवर ज्या काळी शस्त्रक्रिया होत, त्या काळी बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धे वर्तुळ छेदून भिंग सगळेच्या सगळे बाहेर काढीत, ती जखम टाक्यांनी सांधीत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रुग्णाला दिवसचे दिवस उताणे निजवीत. आणि अशा अवस्थेत आषाढातल्या खोकल्याची एक उबळ टाका उसवण्यास पुरेशी होई. आता जखम तीन मिलिमीटरांहूनही लहान असते, टाक्यावाचून मिटते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. भीतीचे ते कारण गेले. परंतु पावसाळी हवेत वातानुकूलन यंत्राच्या जाळीवर आणि भिंतींच्या सांध्यांत बुरशी किती लवकर धरते, हे ज्याने समुद्राकाठी शस्त्रक्रियागृह चालविले आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सतराव्या अध्यायात, लिंगनाशावरील, म्हणजे मोतीबिंदूवरील, शस्त्रकर्म सांगितले आहे, आणि ते फार उष्ण नाही व फार शीतही नाही अशा काळी करावे, असा स्पष्ट निर्देश तेथे आहे. म्हणजे चिंबईच्या मावशींची अट बरीच प्राचीन आहे. मला मात्र त्या अध्यायाचे मोल वाटते ते दुसऱ्या कारणासाठी. शलाकेने गढूळ भिंग दृष्टीच्या मार्गातून ढकलून बाजूस सारण्याची ती क्रिया आज कोणी शिकलेला शल्यवैद्य करीत नाही आणि करूही नये, कारण भिंग डोळ्याच्या आतच राहते आणि पुढे दाह व दाब यांनी डोळा गमावण्याचा धोका मोठा असतो. परंतु ज्या आचार्याने ती लिहिली, त्याने त्याच अध्यायात, क्रियेच्या वर्णनास लागूनच, वेध भलत्या ठिकाणी पडला तर काय होते, शलाका बोथट, खरखरीत किंवा जाड असेल तर कोणती पीडा उद्भवते, आणि प्रत्येकीवर काय उपाय करावा, हेही सांगून ठेवले. शस्त्रकर्मानंतर शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे आणि अंगाचा कंप टाळावा, इतका बारीक तपशील तेथे आहे. असा तपशील केवळ तर्काने सुचत नाही. शिंकेसरशी बिघडलेला डोळा कोणीतरी प्रत्यक्ष पाहिला असला पाहिजे, आणि पाहिल्यावर तो लपवून न ठेवता शिष्यांपुढे मांडला असला पाहिजे.

हीच वृत्ती मला या व्यवसायाचा प्राण वाटते. यशस्वी शस्त्रक्रिया एकमेकींसारख्या असतात आणि शल्यवैद्याला त्यांतून आत्मविश्वास मिळतो. ज्ञान मिळते ते बहुतांशी उपद्रवांतून, आणि तेही ते कागदावर उतरले, मोजले गेले, दुसऱ्यांच्या उपद्रवांशेजारी ठेवले गेले, तरच.

ज्यांनी हे काम जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. डोळ्यातील नैसर्गिक भिंग एका पारदर्शक आवरणात वसलेले असते. आम्ही आपसात त्याला कॅप्सूल म्हणतो. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली जी पद्धत माणसाच्या डोळ्यावर प्रथम वापरली आणि जिला आता आमचे रुग्णसुद्धा सहजपणे फेको म्हणतात, तिच्यात कॅप्सूलच्या पुढील भागाला सुमारे पाच मिलिमीटरांचे वर्तुळाकार द्वार पाडावयाचे, श्रवणातीत ध्वनिलहरींनी कंप पावणाऱ्या पोकळ सुईने आतील गर फोडून शोषून घ्यावयाचा, आणि मागील आवरण मात्र अभंग राखावयाचे, कारण नवे भिंग त्याच्याच आधाराने बसणार असते. हे मागील आवरण मध्यभागी सुमारे चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेव्या हिश्श्याएवढे, जाड असते. त्याच्या अलीकडे सुई, पलीकडे विट्रियस हा जेलीसारखा पारदर्शक द्रव, आणि त्याच्याही मागे दृष्टीचा पडदा.

हे आवरण फाटते तेव्हा आवाज होत नाही, रक्त येत नाही. पुढची पोकळी एकाएकी खोल दिसू लागते, बाहुली क्षणमात्र विस्फारते, आणि गराचे जे तुकडे आतापर्यंत आज्ञाधारकपणे सुईकडे येत होते ते येईनासे होतात. त्या क्षणी हाताची उपजत प्रेरणा एकच असते: सुई बाहेर काढावी. तीच घातक ठरते. सुई काढताच डोळ्यातील दाब कोसळतो, विट्रियस पुढे उसळतो आणि लहानशी चीर मोठी होते. म्हणून सुई आहे तेथेच स्थिर ठेवावयाची, पायाखालच्या पेडलने शोषण थांबवून केवळ बारीक प्रवाह चालू ठेवावयाचा, दुसऱ्या हाताने बाजूच्या छिद्रातून दाट चिकट द्रव आत भरून पोकळीला आधार द्यावयाचा, आणि मगच, अगदी सावकाश, सुई बाहेर आणावयाची. पुढे आलेला विट्रियस डोळ्याला दिसत नाही. ट्रायमसिनोलोनचे पांढरे कण त्यावर सोडले की त्याचे धागे उमटतात, आणि ते ओढून न काढता कापूनच काढावे लागतात, कारण प्रत्येक धाग्याचे दुसरे टोक पडद्याकडे गेलेले असते. पुढील द्वाराची कडा शाबूत असेल तर नवे भिंग कॅप्सूलच्या पुढे बसविता येते. गराचा तुकडा मागे पडद्यावर जाऊन पडला असेल, तर त्याच्यामागे न लागता पडद्याच्या शल्यवैद्याकडे रुग्ण सोपवावयाचा. या सर्व नियमांतील एकही कोणा एका कुशल माणसाला एका सकाळी सुचलेला नाही. हजारो फाटलेल्या आवरणांची हकीकत प्रामाणिकपणे सांगितली गेली, तेव्हा ते सिद्ध झाले. तरुण सहकाऱ्याला शिकविताना मी सर्वांत अधिक वेळ हात न काढण्याच्या या शिक्षणावर घालवितो, कारण वेगाचे शिक्षण तर हल्ली सगळीकडेच मिळते.

याहूनही भयंकर उपद्रव म्हणजे जंतुसंसर्ग. लोक त्याला डोळ्यात पू झाला असे म्हणतात. शस्त्रक्रिया निर्दोष, पहिल्या दिवशीची दृष्टी उत्तम, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा लाल, दुखरा आणि अंधुक! येथे प्रत्येक तासाला किंमत असते. अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवून दिले की शिरेतून प्रतिजैविके दिल्याने अधिक लाभ होत नाही, औषध थेट डोळ्याच्या आत सोडले पाहिजे. आणि ज्यांना केवळ प्रकाशाची जाण उरली आहे, त्यांच्या बाबतीत विट्रियस तातडीने काढून टाकणे हितावह ठरते. परंतु संसर्ग झाल्यावर काय करावे याहून तो होऊच नये म्हणून काय करावे, हा प्रश्न मोठा. स्वीडनमध्ये १९९२ पासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. तेथील शल्यवैद्य शस्त्रक्रियेच्या अखेरीस सेफ्युरॉक्झिम हे प्रतिजैविक डोळ्यात सोडू लागले होते, आणि नोंदी पाहता ज्या डोळ्यांत ते सोडले त्यांत संसर्ग फारच कमी आढळला. नोंदीने प्रश्न उभा केला. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी युरोपातील २४ केंद्रांत सोळा हजारांहून अधिक रुग्णांवर रीतसर प्रयोग झाला. औषध न दिलेल्यांत संसर्गाचा धोका जवळजवळ पाचपट आढळल्यामुळे तो मुदतीपूर्वीच आटोपता घेण्यात आला, आणि २००७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

आपल्या देशात या विषयाला निर्णायक वळण दिले ते मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ साली, अकरा खाटांवर आरंभिलेल्या या संस्थेने सेफ्युरॉक्झिमऐवजी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वापरले, आणि आपल्या सर्व शाखांतील सहा लाखांहून अधिक डोळ्यांचा हिशेब २०१७ साली जगापुढे मांडला: पूर्वी दर दहा हजारांत सात डोळ्यांना होणारा संसर्ग दोनांवर आला होता. दहा हजारांत पाच डोळे ही संख्या एका दवाखान्यात दिसणारसुद्धा नाही. एकट्या शल्यवैद्याने आयुष्यभर डोळे उघडे ठेवले तरी हा फरक त्याच्या अनुभवाला येणार नाही. तो दिसला तो दप्तरामुळे. त्या पाच माणसांत एखादा शिंपी असेल, एखादी नातवंडे सांभाळणारी आजी असेल, आणि आपला डोळा वाचला हे त्यांना कधीही कळणार नाही, या विचाराने मला नेहमी भरून येते.

एका माणसाचे लक्षही कधी कधी पुरते, हेही नमूद केले पाहिजे. काही वृद्ध पुरुषांत शस्त्रक्रिया चालू असता बाहुली लहान होत जाते आणि आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचे रंगीत कडे, पाण्याच्या प्रवाहात फडफडून जखमेतून बाहेर येऊ पाहते, हे अनेकांनी पाहिले होते. कॅलिफोर्नियातील डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्बेल यांनी २००५ साली दाखवून दिले की हे रुग्ण प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणारे होते, आणि तेच औषध बाहुली विस्फारणाऱ्या स्नायूवरही अंमल करते. तेव्हापासून "काका, लघवीची काही गोळी चालू आहे का?" हा प्रश्न आमच्या तपासणीत रुजू झाला. संकोचाने "नाही" म्हणणाऱ्या काकांच्या पत्नीकडे मी त्यानंतर पाहतो. खरे उत्तर बहुधा तिकडून येते.

उपद्रव झाल्यावर नातेवाइकांशी बोलणे, हाही शस्त्रकर्माचाच भाग आहे. संमतीपत्रावर सही असते, तिने कोणाचे समाधान होत नाही. त्यांनी विचारण्यापूर्वी, बसून, साध्या शब्दांत सांगावे: "आईंच्या डोळ्यातलं भिंग काढताना त्याचं मागचं आवरण फाटलं. नवं भिंग पुढे बसवलं आहे. नजर येईल, पण वेळ लागेल, आणि पडद्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवावं लागेल." असे सांगितले म्हणून कोणी माझ्यावर अविश्वास दाखविल्याचे मला आठवत नाही. सप्टेंबरात मोत माउलीच्या, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीच्या, जत्रेत मेणाचे डोळे विकावयास असतात, आणि माझे कितीतरी रुग्ण, ख्रिस्ती तसेच हिंदूही, ते वाहून मग शस्त्रक्रियेला येतात. त्यांना मी कधीही मना केले नाही. फळ सर्वस्वी आपल्या हाती नाही, हे ती माणसे जाणतात. त्यांच्याशी खरे बोलणे म्हणूनच सोपे जाते.

राहता राहिला पावसाळ्याचा प्रश्न. मी पावसाळ्यात शस्त्रक्रिया करतो. जाळ्या धुतल्या, आर्द्रता मोजली, ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीचा दाखला पाहिला, पापण्यांच्या आत पोव्हिडोन आयोडीनचे थेंब टाकून पुरता वेळ थांबलो, म्हणजे माझी खातरजमा होते. पण मावशींना हवे असते ते आकड्याचे उत्तर, आणि ते माझ्या एकट्याच्या वहीतून निघणे शक्य नाही. त्यासाठी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयापासून मुलुंडच्या लहानशा खाजगी दवाखान्यापर्यंत साऱ्या उपनगरांची एक सामाईक नोंदवही हवी, जिच्यात कोणाचे नाव उघड होणार नाही आणि कोणाला शासनही होणार नाही. तिच्यात महिना, शस्त्रक्रियागृहातील आर्द्रता, भिंगाचा व औषधाच्या कुपीचा गट-क्रमांक, लघवीची गोळी आणि मधुमेह यांचे रकाने असावेत. आणि नोंद सहा आठवडे बंद करू नये, कारण शस्त्रक्रियेनंतरचा बहुतेक संसर्ग त्या मुदतीत उघड होतो. आपल्याकडील रुग्ण आठवड्याभरात कोकणात, वसईला, नाहीतर लेकीकडे निघून जातो, आणि तिकडे डोळा लाल झाला तर तिकडच्याच डॉक्टरला दाखवितो. यासाठी माझ्या वहीत मी रुग्णाच्या फोन-क्रमांकाखाली घरातल्या सुनेचा किंवा लेकीचा क्रमांक लिहून घेतो, आणि सहावा आठवडा भरला की तिला फोन करून पहिला प्रश्न दृष्टीचा विचारतो, दुसरा, मधल्या काळात दुसऱ्या कोणा डॉक्टरकडे जावे लागले काय, हा.