पहिली लाल रेघ

नाशिकच्या एका मुलाने आपला पहिला मॅप मला तपासायला पाठवला तेव्हा तो अकरावीत होता. गाणं दीड मिनिटाचं. रात्री जेवण उरकून मी बसलो आणि एक वाजेपर्यंत त्यावर ६१ सूचना लिहिल्या. हे सर्कल ठोक्यावर नाही, हा स्लायडर उगाच वाकडा, इथे अंतर जास्त, इथे कमी, इथे मोकळं का सोडलंस. प्रत्येक सूचनेआधी मिलिसेकंदापर्यंत अचूक वेळ. आपण या मुलासाठी फार कष्ट घेतले, असं मला त्या रात्री वाटलं. सकाळी त्याचं उत्तर आलं, ‘थँक्यू दादा, बघतो.’ त्यानंतर त्याने एडिटर उघडलाच नाही. हे मला सात महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा.

खेळाचं नाव ओसू. ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्ट यांनी तो २००७ मध्ये आणला. मूळ कल्पना निन्टेन्डो डीएसवरच्या एका जपानी खेळाची, २००५ सालच्या ‘ओसू! ततकाए! ओएंदान’ची. गाणं वाजत असतं, पडद्यावर सर्कल उमटतात, प्रत्येक सर्कलभोवतीचं कडं आक्रसत येतं आणि ते सर्कलला टेकतं त्या क्षणी नेम धरून कळ दाबायची. स्लायडर असेल तर दाबून धरून त्याच्या वाटेने जायचं, स्पिनर असेल तर गरगर फिरवायचं. पण मला या खेळाने धरून ठेवलं ते खेळण्यामुळे नव्हे. यातले मॅप कोणी कंपनीत बसून बनवत नाही, ते खेळणारेच बनवतात. गाणं घ्यायचं, खेळाच्या आतलाच एडिटर उघडायचा आणि त्या गाण्यात आपल्याला जे ऐकू येतं ते दुसऱ्याच्या हातांना कळेल असं मांडायचं. गेली दहाएक वर्षं मी ते करतो आहे, आणि त्यातली सात-आठ वर्षं नवख्यांना शिकवतो आहे. शिकवण्यात मी ज्या चुका केल्या त्यांच्याबद्दल हे लिहितो आहे, कारण त्यांची किंमत मी नाही, शिकायला आलेल्यांनी मोजली.

सगळ्यात जुनी चूक टायमिंगची. एडिटरमध्ये टायमिंगचं वेगळं पान असतं आणि तिथे पहिली लाल रेघ टाकल्याशिवाय पुढे काही खरं नसतं. त्या रेघेत दोन आकडे राहतात. पहिला ऑफसेट, म्हणजे फाईल सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंदांनी पहिला ठोका पडतो. दुसरा बीपीएम, मिनिटाला किती ठोके. हिरवी रेघ निराळी; ती स्लायडरचा वेग आणि आवाज बदलते, ठोक्याला हात लावत नाही. लाल रेघ बसवणं कंटाळवाणं आणि नाजूक काम असतं. गाणं २५ टक्के वेगाने लावायचं, मेट्रोनोमची टिकटिक आणि गाण्यातला ड्रम एकावर एक पडतात का ते ऐकायचं, पाच मिलिसेकंद मागे, तीन पुढे, पुन्हा ऐकायचं. नवखा यात अर्ध्या तासात कंटाळतो. म्हणून मी ठरवून टाकलं की हे काम मीच करून द्यायचं. ‘गाणं पाठव, टायमिंग लावून देतो, तू थेट रचायला बस.’ जवळजवळ दोन वर्षं माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तयार फाईल दिली. मुलं खूश होती आणि पहिल्या संध्याकाळीच सर्कल मांडत होती.

त्या दोन वर्षांतल्या एका दिवाळीत मी कामासाठी बाहेरगावी होतो. सांगलीच्या भाच्याला सुट्टी होती आणि त्याने नवीन गाणं निवडलं होतं. माझी वाट न पाहता त्याने स्वतःच्या अंदाजाने १५० बीपीएम टाकला. गाणं होतं १५१ चं. एका आकड्याचा फरक, पण तीन मिनिटांच्या गाण्यात तो पूर्ण तीन ठोक्यांचा होतो. फार लांब जायलाही नको. पाच सेकंदांतच घसरण ३३ मिलिसेकंदांवर जाते, आणि अवघड मॅपवर, ओडी म्हणजे अचूकतेची काटेकोर पातळी ८ ठेवली तर, पूर्ण गुणांसाठी ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे मुभा असते ३२ मिलिसेकंदांची. पोराने चार दिवस बसून अख्खं गाणं रचलं होतं. सुरुवात ठीक वाटायची, मध्ये काहीतरी बिनसायचं, शेवटी तर काहीच जुळेना. तो सर्कल हाताने पुढे-मागे ढकलत राहिला. मग रात्री फोन आला. आवाज रडवेला. ‘मामा, माझे कान खराब आहेत का?’

त्याचे कान उत्तम होते. मध्ये बिनसतंय हे त्याला ऐकू येत होतं, हाच त्याचा पुरावा. बिनसलं की बोट कुठे ठेवायचं, हे मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं. जे काम अवघड म्हणून मी माझ्याकडे ठेवलं, कान तयार होतात ते नेमके तिथेच. गाणं हळू लावून पहिला ठोका शोधताना माणूस ते गाणं पहिल्यांदा नीट ऐकतो. ती संधी मी प्रत्येकाकडून काढून घेत होतो आणि त्याला मदत म्हणत होतो.

दुसरी गोष्ट पुण्यातल्या एका मुलीची. ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायची. तिला कुठलंही तयार गाणं नको होतं. आपल्या पथकाच्या सरावाचं, मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं वादन तिला मॅप करायचं होतं. ती आमच्या घरी येऊन माझ्या शेजारी बसली. तासाभराने मी खुर्ची मागे सरकवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की या सगळ्या वेळात माऊस एकदाही तिच्या हातात गेला नव्हता. ‘हे असं कर’ म्हणत मीच करत होतो. ‘बघ, किती सोपं आहे’ म्हणत मीच पुढच्या पानावर जात होतो. तिने दोनदा काही म्हणायला तोंड उघडलं होतं, तेही मला नंतर आठवलं.

ती काय म्हणणार होती ते पुढच्या वेळी कळलं. मी तिचं वादन १/४ वर स्नॅप केलं होतं. म्हणजे एका ठोक्याचे चार सारखे भाग, एडिटरच्या पट्टीवर पांढरी, लाल आणि निळी खूण. बहुतेक गाणी यात बसतात, म्हणून माझा हात आपोआप तिथे जातो. ती म्हणाली, ‘दादा, हे चार नाहीत, तीन आहेत.’ मी म्हटलं, ‘सगळे १/४ च वापरतात, सुरुवातीला तेच ठेव.’ मग तिने काड्या नसताना टेबलावर बोटांनी तो हात वाजवून दाखवला. एका ठोक्याच्या पोटात सरळ तीन. तबला शिकलेला कोणीही त्याला तिस्र म्हणेल. एडिटरमध्ये त्यासाठी १/३ ची सोय आहे, पट्टीवर जांभळ्या खुणा उमटतात, एका टिचकीचं काम. मी ते मला माहीत असूनही केलं नव्हतं, कारण मी वादन ऐकतच नव्हतो, पट्टी बघत होतो.

आणि चूक तिथेच थांबली नाही. पथक वाजवतं तेव्हा लय चढत जाते. ताशाची तर्री सुरू झाली की ढोल तिच्या मागे ओढले जातात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्या चढण्यामुळेच. मेट्रोनोम लावून वाजवलेल्या स्टुडिओतल्या गाण्याला एक लाल रेघ पुरते. माणसांनी एकमेकांकडे बघत वाजवलेल्या वादनाला पुरत नाही. तिथे लय जिथे हलते तिथे नवी लाल रेघ, कधी दर दोन-चार आवर्तनांनी एक. हे वेळखाऊ आहे, पण अशक्य अजिबात नाही. मी मात्र तिला सांगून टाकलं, ‘हे रेकॉर्डिंग मॅपिंगच्या लायक नाही, दुसरं काहीतरी घे.’ तिच्या हातातून जन्मलेल्या वादनाला मी नालायक म्हटलं, कारण मला त्यात एकच आकडा टाकायचा होता. आज हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

ती गेली नाही, हे माझं नशीब. ‘मग मीच टाकते रेघा’ म्हणाली आणि माऊस मागून घेतला. चाळीस सेकंदांच्या तुकड्याला तिने १९ लाल रेघा लावल्या. दोन रविवार गेले. मी शेजारी बसलो आणि विचारल्याशिवाय बोललो नाही. माझ्यासाठी ते फार कठीण होतं. पहिल्या रविवारी तर मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. शेवटी तिने तो तुकडा लावला आणि मेट्रोनोम तिच्या ढोलांबरोबर चढत गेला, तेव्हा जे वाटलं ते मला माझ्या एकाही रँक्ड मॅपने दिलं नव्हतं.

रँक्डबद्दल इथेच सांगतो, कारण पुढच्या चुकीचं मूळ त्यात आहे. मॅपला खेळात अधिकृत जागा मिळायची तर इतर मॅपर तो तपासतात, त्याला मॉडिंग म्हणतात. मग नेमलेल्या परीक्षकांपैकी दोघांनी त्याला पुढे करावं लागतं, पुढे तो काही दिवस सगळ्यांच्या नजरेखाली राहतो आणि कोणी गंभीर दोष दाखवला नाही तर रँक्ड होतो. या कसोटीतून मी गेलो आहे. मॉडिंगने मला घडवलं, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ती कसोटी ज्याला तिथे जायचं आहे त्याच्यासाठी असते. नाशिकच्या मुलाला कुठेही जायचं नव्हतं. त्याला त्याचं आवडतं गाणं मित्रांना खेळायला द्यायचं होतं. मी त्याचं काम परीक्षकाच्या चष्म्यातून वाचलं आणि त्याने विचारलं नव्हतं त्या प्रश्नाचं उत्तर ६१ वेळा दिलं. त्या सूचनांत एकही ओळ अशी नव्हती की हे तुला छान जमलंय. जमलेलं काही नव्हतं असं नाही. मी ते शोधलंच नव्हतं.

आता माझ्याकडे कोणी आलं तर पहिल्या दिवशी आम्ही एडिटर उघडत नाही. गाणं लावतो आणि टाळ्या देतो. ठोका कुठे, सम कुठे वाटते, गाणारा कुठे थांबतो. घरात भजनाला टाळ धरलेल्या मुलांना हे पाच मिनिटांत येतं, काहींना आठवडा लागतो. मग लाल रेघ त्यांची त्यांनी टाकायची, चुकली तर चुकू दे, पण सर्कल मांडण्याआधी चूक त्यांच्याच कानांनी सापडली पाहिजे. पहिला मॅप तीस-चाळीस सेकंदांचा, पण पुरा करायचा. सर्कलांमधलं नेमकं अंतर, कळ दाबताना वाजणारे आवाज, आकृत्यांची सुबकता, हे सगळं नंतर. आणि मॅप तपासायला आला की मी तो आधी तीनदा खेळतो, मग एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत दुसरा विचारत नाही. याने काम फार हळू होतं. पूर्वी एका महिन्यात चार जण माझ्या हाताखालून जात, आता एक. पण हा एक जण पुढचं गाणं मला न विचारता सुरू करतो.

मागच्या पावसाळ्यात जुना संगणक साफ करताना नाशिकच्या त्या मुलाची फाईल सापडली. मी ती खेळलो, सूचना बाजूला ठेवून, पहिल्यांदाच. सर्कल वेडीवाकडी होती, दोन स्लायडर पडद्याच्या कडेला गेले होते, ते खरंच चुकीचं होतं. पण अंतरा संपताना एका जागी त्याने अर्धा ठोका मोकळा सोडला होता. बाकी वाद्यं तिथे वाजत होती, भरायला भरपूर होतं, आणि त्याने काहीच ठेवलं नव्हतं. मी हेडफोन लावून तो तुकडा पुन्हा ऐकला. गायिका तिथे श्वास घेते. खूप हलका, पण ऐकू येतो. त्या रिकाम्या जागेत माझाही हात थांबला होता आणि पुढचा शब्द आला तेव्हा बरोबर पडला होता.

माझ्या यादीत ३४ वी सूचना त्याच जागेची होती. ‘इथे मोकळं का सोडलंस, भर.’ प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.

मी त्याला फोन केला. तो आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॅप त्याला आठवायला वेळ लागला, ती जागा मात्र लगेच आठवली. ‘ती श्वास घेते ना दादा तिथे,’ तो म्हणाला. मी म्हटलं, हो, मला आज ऐकू आलं, आणि ३४ वी सूचना चुकीची होती. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग परीक्षेचं सांगू लागला. एडिटर त्याने पुन्हा उघडलेला नाही, आणि उघड असं मी त्याला म्हटलेलं नाही.